देणारीचं नाव

क्षमावाणीच्या दिवशी आमच्या घरचा फोन थांबत नाही. "उत्तम क्षमा" म्हणायचं, वर्षभरात काही चुकलंमाकलं असेल तर पोटात घाला म्हणायचं, आणि मग खऱ्या गप्पांना लागायचं. मागच्या क्षमावाणीला उटनूरहून धाकट्या भावाचा फोन आला. क्षमा मागून झाली आणि तो म्हणाला, "ताई, पोरीला स्थळ आलंय. वाशीमकडचं. मुलगा इंजिनिअर आहे, पुण्यात असतो. घर आपल्यातलंच, सैतवाळ." मी आनंदून काही बोलणार, तोच मागून काकूंचा आवाज आला, "तिला विचार, हे आप्पांच्या मूळ घरचं आडनाव तर नव्हं?"

आप्पा म्हणजे आमचे आजोबा. ते दत्तक आलेले होते हे घरात सगळ्यांना माहीत होतं. कुठून आले, कुणाच्या पोटचे, हे मात्र आम्ही कधी विचारलं नव्हतं. दत्तक आलेल्या माणसाला मूळ घराबद्दल विचारणं म्हणजे ज्या माउलीने वाढवलं तिचा पाणउतारा, अशी जुनी समजूत. तुमच्यापैकी किती जणींच्या घरात असा एखादा आजोबा, पणजोबा असेल, आणि किती जणींनी विचारलं असेल?

काकूंची शंका नुसती म्हातारीची शंका म्हणून सोडून देण्यासारखी नव्हती. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे आणि त्यात सपिंडांचं लग्न चालत नाही. समाजात तशी रूढी असल्याचं सिद्ध केलं तरच सूट. (पिंड आपल्यात देतच नाहीत, पण शब्द कायद्याने तोच ठेवलाय.) मोजायचं असं : स्वतःला पहिली पिढी धरून वडिलांच्या बाजूने पाचव्या पिढीपर्यंत वर चढायचं, आईच्या बाजूने तिसऱ्यापर्यंत. या हद्दीत दोघांचा पूर्वज एकच निघाला की संपलं. माझी पुतणी एक, भाऊ दोन, आमचे वडील तीन, आप्पा चार, आप्पांचे जन्मदाते पाच. म्हणजे अगदी काठावर. आणि दत्तक गेल्याने रक्ताची ही गाठ सुटत नाही. दत्तकाच्या कायद्याच्या बाराव्या कलमात लिहिलंय की, मूळ घरात राहून ज्याच्याशी लग्न करता आलं नसतं, त्याच्याशी दत्तक गेल्यावरही करता येणार नाही.

"तारीख धरू नका," मी भावाला सांगितलं, "मी येते."

नांदेडहून किनवटमार्गे रेल्वेने आदिलाबाद, तिथून गुडीहत्नूर, इंद्रवेल्ली करत बसने उटनूर. माहेरचा हा रस्ता मला डोळे मिटून येतो. ज्यांनी उटनूर पाहिलेलं नाही त्यांना एवढंच सांगते की आमच्या गावात कचेरी तेलुगूत चालते, जुने कागद उर्दूत आहेत, घर मराठीत आहे आणि दुकानावरचं अर्धं गिऱ्हाईक गोंडीत बोलतं. माझे वडील या चारही भाषांत कापड मोजून देत.

गावाजवळच केसलापूरला पुष्य अमावस्येला नागोबाची जत्रा भरते. मेसराम कुळाच्या गोंडांचा तो देव. त्या जत्रेत वर्षभरात लग्न होऊन आलेल्या सुनांना देवापुढे आणि वडीलधाऱ्यांपुढे नेतात, त्याला ते भेटिंग म्हणतात. भेटिंग झाली की ती पोरगी कुळाची झाली. परक्या घरातून आलेलं माणूस आपलं करून घ्यायचं, तर ते चारचौघांत, देवासमोर. शिवाय गोंडांची कुळं आणि त्यांच्या कथा परधान तोंडपाठ ठेवतात, किकरी वाजवत सांगतात. मारवाडी ओसवालांच्या घरी भाट वही घेऊन यायचे. आम्हा सैतवाळांकडे परधान नाही, भाट नाही आणि श्राद्ध नसल्यामुळे तीर्थावरच्या उपाध्यायाच्या वहीत नाव लिहायला जायची सवयही घरात नव्हती. आमच्याकडे होती एक पत्र्याची पेटी.

पेटी उघडली तर वर सगळी गहाणखतं. कोणाची पाच एकर, कोणाची दोन, कोणाच्या बैलजोडीवर रुपये दिलेले. नावं बहुतेक गोंडांची. १९४० मध्ये जोडेघाटला कोमराम भीम मारले गेले, त्यानंतर निजाम सरकारने हायमेनडॉर्फ नावाच्या अभ्यासकाला या भागात पाठवलं. गोंडांची जमीन सावकारांच्या आणि बाहेरून आलेल्यांच्या घशात कशी गेली ते त्याने लिहून ठेवलंय. ते मी कॉलेजात वाचलं होतं. आपल्याच घरच्या पेटीत त्याचे कागद हातात येतात तेव्हा वाचणं वेगळं होतं. हा विषय वेगळा आहे आणि तो मी टाळणार नाही, पण आज पेटीच्या तळाशी जायचं आहे.

तळाशी विरासतीचा एक कागद होता, उर्दू. आमच्या घरात उर्दू वाचणारं शेवटचं माणूस आप्पाच. गावातल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडे मी तो घेऊन गेले. त्यांनी चष्मा पुसला, ओळीवर बोट ठेवलं आणि वाचलं, आप्पांचं नाव, मग "मुतबन्ना", मग "मुसम्मात" आणि आमच्या पणजीचं नाव.

"मुतबन्ना म्हणजे?" मी विचारलं.

"गोद लिया हुआ बेटा. ज्याला मुलगा केलं, तो. आणि मुसम्मात हे बाईच्या नावाआधी लावायचे."

म्हणजे, अमुकबाईंचा दत्तक मुलगा अमुक. वर फसली सन होता. त्यात ५९० मिळवले की इसवी सन निघतो. तो निघाला तेव्हा आप्पांचं वय विशीच्या आतबाहेर असावं. दुकान आणि थोडी जमीन त्यांच्या नावावर चढली तेव्हाचा कागद. मजा पाहा, १९५४-५५ ची खासरा पहाणी मी तहसिलीतून काढली, तर तिच्यात मुतबन्ना हा शब्दच नाही. तिथे आप्पा "वल्द" म्हणजे पणजोबांचे पुत्र. एका कागदात बाईचा मुलगा, पुढच्या कागदात तिच्या नवऱ्याचा. पणजी मधल्या मध्ये गळाली.

पण त्या पहिल्या कागदात तिचं नाव आलं कसं? बायकांची नावं अशा कागदांत सहसा येत नाहीत. ती आली, कारण दत्तक तिने घेतला होता, एकटीने, विधवा असताना.

काकूंना जे माहीत होतं ते त्यांनी सांगितलं. १९१८ च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या साथीत, पणजोबा गेले. त्या साथीत देशात एक कोटीहून जास्त माणसं मेली, उटनूरसारख्या रानातल्या गावांचा हिशोब कोण ठेवणार. पणजी तेव्हा पंचवीस-सव्वीस वर्षांची, मूल नाही. दीर दारात उभे राहिले, "दुकान आम्ही सांभाळतो, तुम्ही देवाचं करा." या वाक्याचा अर्थ तुम्हाला सांगायला नको. पणजी म्हणाली, "मी पोर घेते." दीर म्हणाले, नवऱ्याची परवानगी कुठाय? तेव्हा पंच बसले, आणि पंचांनी सांगितलं की आपल्यात बाईला परवानगी लागत नाही.

पंचांनी हे मनाने सांगितलं की याला काही आधार होता, हे मला कळून घ्यायचं होतं. म्हणून मी जुने निवाडे चाळायला बसले आणि तिथे जे मिळालं ते आपल्या बायकांना माहीतच नाही. मलाही नव्हतं.

हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे पुत्र हवा तो पिंडासाठी, पितरांच्या गतीसाठी. म्हणून दत्तकात होम आणि म्हणून नवऱ्याची आज्ञा, कारण पुत्र त्याच्यासाठी. आपल्यात पिंड नाही. ज्याचं कर्म त्याच्याबरोबर, मुलाने दिलेल्या पाण्याने कोणी तरत नाही. तेव्हा जैनांचा दत्तक हा निव्वळ संसारातला व्यवहार : घर चालावं, दुकान चालावं, म्हातारपणी पाण्याचा तांब्या हातात देणारं कोणी असावं. होमाची गरज नाही. देणाऱ्याने दिलं, घेणाऱ्याने घेतलं, चार माणसांनी पाहिलं, झालं. बहिणीचा मुलगा चालतो, लग्न झालेला बाप्या चालतो. आणि नवऱ्याच्या आत्म्याचा प्रश्नच नसल्याने त्याच्या परवानगीचाही प्रश्न नाही.

१८३३ साली कलकत्त्याच्या सदर दिवाणी अदालतीत गोविंदनाथ राय विरुद्ध गुलालचंद या खटल्यात जैन विधवेचा हा हक्क आला. १८७८ मध्ये शिवसिंह राय विरुद्ध दाखो हा खटला थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचला. दाखो अगरवाल जैन विधवा. तिने नवऱ्याच्या परवानगीशिवाय दत्तक घेता येतो असा निकाल झाला, आणि मूल नसलेल्या जैन विधवेला नवऱ्याने स्वतः कमावलेल्या मालमत्तेवर पूर्ण मालकी मिळते, हेही मान्य झालं. त्या काळात इतर हिंदू विधवेला फक्त हयातभर उपभोग होता, विकायचा हक्क नव्हता. १८८६ मध्ये अलाहाबादला गट्टोबाईच्या खटल्यात ठरलं की पहिला दत्तक मुलगा वारला तर जैन विधवा दुसरा घेऊ शकते. १८८९ मध्ये कलकत्त्याला जगत सेठानींच्या खटल्यात ओसवालांसाठीही तेच.

हे वाचताना मला एक जाणवलं. या बायका कोर्टात हौसेने गेल्या नव्हत्या. प्रत्येकीला आपल्या जातीची रूढी साक्षीपुराव्याने नव्याने सिद्ध करावी लागली, कारण कोर्टाचा पाया असा की रूढी सिद्ध झाली नाही तर जैनांनाही हिंदू कायदाच. अगरवालांचं सिद्ध झालं ते ओसवालांना आपोआप नाही. आणि प्रत्येक खटल्यात समोर कोण? बहुतेक दीर, पुतणे, भाऊबंद.

आमच्या पंचांनी प्रिव्ही कौन्सिलचं नाव ऐकलं असेल असं मला वाटत नाही. निजामाच्या राज्यात त्या कौन्सिलचा हुकूम चालतही नव्हता. शिवाय आमचं गाव कायद्याच्याही शिवेवर. महाराष्ट्रात इतर हिंदू विधवांनासुद्धा नवऱ्याच्या परवानगीवाचून दत्तक घेता येई, मुंबई हायकोर्टाने १८६८ मध्ये तसं मानलं होतं. त्याच वर्षी मद्रासकडच्या रामनाद खटल्यात ठरलं की तिकडच्या विधवेला नवऱ्याची परवानगी नसेल तर त्याच्या भाऊबंदांची संमती हवी. म्हणजे दिरांची! पणजी आणखी दक्षिणेकडे, मद्रास इलाख्यात राहत असती आणि जैन नसती, तर दिरांना विचारूनच तिला पोर घ्यावं लागलं असतं.

इतकं कळलं तेव्हा पणजीचा मला फार अभिमान वाटला. दोन दिवस मी तो मिरवला. तिसऱ्या दिवशी दुपारी काकू शेंगा सोलत म्हणाल्या, "घेणारीचं सगळं कळलं व्हय तुला. देणारी कोण ते?"

देणारी.

दत्तकाच्या इतिहासात ती कुठेच नाही. आपल्याला जमनाबाई आठवतात, ज्यांनी १८७५ मध्ये कवळाण्याचा गोपाळ घेऊन त्याचा सयाजीराव केला. आनंदीबाई आठवतात, ज्यांच्या मांडीवर १८८४ मध्ये कागलचे यशवंतराव आले आणि शाहू महाराज झाले. लक्ष्मीबाईंचा दामोदरराव डलहौसीने नामंजूर केला, ते तर चौथीतलं पोर सांगेल. देणाऱ्या आया कोण? शाहू महाराजांची आई राधाबाई मुलगा तीन वर्षांचा असतानाच गेली होती, म्हणजे तिला विचारायचा प्रश्नच आला नाही. बाकीच्यांचं नाव शोधावं लागतं.

एक नाव मात्र राहिलंय, आणि ते आमच्यापासून फार लांबचं नाही. वर्ध्याच्या बच्छराज सेठांनी सीकरजवळच्या काशी का बास या गावातून एक लहान मुलगा नातू म्हणून दत्तक आणला. सांगतात की मुलाच्या बदल्यात पैसे घ्यायला आईबाप तयार नव्हते, तेव्हा सेठांनी त्या कोरड्या गावात विहीर खोदून दिली. तो मुलगा म्हणजे जमनालाल बजाज. ते अगरवाल वैष्णव, आपले नव्हेत, पण वर्ध्यात आपलं कोण नाही. सतराव्या वर्षी आजोबा पैशावरून बोलले म्हणून या मुलाने सगळ्या इस्टेटीवरचा हक्क सोडल्याचं लिहून दिलं होतं. मग १९२० मध्ये नागपूरच्या काँग्रेसच्या वेळी त्यांनी गांधीजींना विनवलं की मला तुमचा पाचवा मुलगा माना. लहानपणी ज्याला कोणी विचारलं नव्हतं, त्याने मोठेपणी आपला बाप आपण निवडला. त्यांची जन्मदाती बिरदीबाई. तिचं नाव आपल्याला माहीत आहे, कारण मुलगा मोठा झाला. तो मोठा झाला नसता तर गावात नुसती विहीर राहिली असती.

जुन्या कायद्याने देणारीला तोंडच नव्हतं. मूल द्यायचा अधिकार बापाचा. आईची संमती असली तर बरं, नसली तरी अडत नसे. बाप मेलेला असेल तरच आई देऊ शके. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्याने पडली. आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात गेले, आम्ही आंध्र प्रदेशात राहिलो. घरच्यांनी तो दिवस लक्षात ठेवला, कारण आत्याचं सासर एका रात्रीत परराज्यात गेलं. त्यानंतर सात आठवड्यांनी, २१ डिसेंबरला, दत्तकाचा नवा कायदा आला, तो मात्र कोणाच्या लक्षात नाही. त्या कायद्याने बापाला मूल देताना आईची संमती घ्यावी लागू लागली. मुलगी दत्तक घेता येऊ लागली, जी तोवर येतच नव्हती. आणि मूल द्यायचा आईबापांना अगदी सारखा अधिकार कधी मिळाला म्हणता? २०१० च्या दुरुस्तीने. त्याच दुरुस्तीने नवरा असलेल्या बाईला स्वतः दत्तक घेता येऊ लागला, नवऱ्याच्या संमतीने. तोवर एवढा हक्क कुमारिकेला, घटस्फोटितेला किंवा विधवेला. सवाष्णीला एरवी नाही.

आता कागदांत सापडणार नाही हे उघड झालं. मग मला आक्का आठवल्या.

आक्का आप्पांची मोठी बहीण, असं आम्ही समजत होतो. तरुणपणीच विधवा होऊन त्या आप्पांकडे परत आल्या आणि मी कॉलेजात जाईपर्यंत आमच्या माजघरात होत्या. त्यांचं एक वाक्य घरात थट्टेने बोललं जाई, "आप्पा कागदावर आला, मी बैलगाडीत आले." आम्ही हसायचो. अर्थ कोणी विचारला नाही. काकूंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पोरगं चार-पाच वर्षांचं. आईला सोडंना. मग आईनं थोरली पोरगी संगं धाडली, रुळंपर्यंत. ती परत गेलीच नाही."

कामून नाही गेली? काकू म्हणाल्या, पणजीनेच ठेवून घेतलं. आक्कांचं लग्न याच दारातून झालं. पण त्या काळी मुलगी दत्तक घेता येत नव्हती, म्हणून तिचा कागद झाला नाही. पंच बसले ते मुलासाठी. आणि ही आठ-नऊ वर्षांची पोर भावाला रुळवायला आली आणि जन्मभर राहिली. आई दोघांनाही मुकली, एकाला पंचांसमोर आणि एकीला नुसतंच.

आक्कांच्या वस्तूंत काय उरलं होतं? एक पितळी गडू. देवघरात तोच असतो, मीच लहानपणी चिंच आणि राख लावून घासलाय. मी तो उजेडात नेऊन काठाखाली पाहिलं. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची रीत आहे, आणि व्रताचं उद्यापन केलं की बायका नाव घालून भांडी वाटतात, देवळात देतात. ठोक्याठोक्यांनी पाडलेली अक्षरं होती, आमच्या शंभर वर्षांच्या स्वच्छतेने बहुतेक पुसलेली. "सौ." वाचता आलं. मग दोन अक्षरं गेलेली, मग "बाई". मग "अनंत व्रत".

देवळातल्या प्रतिमांखालचे लेख पाहायची बुद्धी मला त्यानंतर झाली. संवत १५४८ ची जीवराज पापडीवालांनी बसवलेली मूर्ती तुमच्याही गावच्या मंदिरात असेल, त्या मूर्ती देशभर पसरल्या आहेत. असे लेख जोहरापूरकरांनी 'भट्टारक संप्रदाय' या १९५८ च्या पुस्तकात जमवले आहेत. ते चाळताना दिसतं की अनेक लेखांत दान देणाऱ्याच्या नावामागे "भार्या" म्हणून बायकोचं नाव येतं. महसुलाच्या कागदात जी नाही ती मूर्तीच्या पाठीवर सापडते. घरचा इतिहास शोधायचा असेल तर मैत्रिणींनो, तहसिलीत जा, पण आधी मंदिरातली आणि माळ्यावरची भांडी उलटी करून पाहा.

मग मी वाशीमकडच्या त्या घरी फोन केला. मुलाच्या आजीशी बोलायचंय म्हटलं. ऐंशीच्या पुढच्या बाई, आवाज खणखणीत. मी आडून आडून सुरुवात केली, तर त्यांनीच विचारलं, "तुमचं उटनूर म्हंजे मोगलाईतलंच ना?" वऱ्हाडात निजामाच्या मुलखाला मोगलाई म्हणत. त्या म्हणाल्या, त्यांची आजेसासू दिवाळीला फराळाचं एक ताट बाजूला काढून ठेवायची. त्याला कोणी हात लावायचा नाही. विचारलं तर सांगायची, मोगलाईतल्या पोरांचं.

"पोराचं की पोरांचं?" मी विचारलं.

"पोरांचं. दोन लाडू, दोन करंज्या. मी नवीन लग्न होऊन आले तवा पाह्यलंय."

मी त्यांना आजेसासूचं नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. गडूवरच्या गेलेल्या दोन अक्षरांच्या जागी ती दोन अक्षरं बसली. नाव इथे छापत नाही, त्या घरच्यांनी तेवढं मागितलं आणि ते त्यांचं मागणं रास्त आहे.

मुलाचे पणजोबा म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ. मी बोटं मोजली. त्यांच्याही बाजूने पाचच. स्थळ तिथे संपलं.

भावाला वाईट वाटलं, स्थळ खरंच चांगलं होतं. पुतणीला फारसं काही वाटलं नाही. तिने आणि त्या मुलाने फोनवर दोनदा बोलून घेतलं होतं आणि आता तो तिला राखीचा पत्ता पाठवतो म्हणून चिडवतो. दिवाळीनंतर ती आजी मुलाला घेऊन उटनूरला आल्या. काकू आणि त्या, दोघींनी त्या गडूतून पाणी घेतलं. पणजीचं एक छायाचित्र आहे आमच्याकडे, ते बाईंनी बराच वेळ हातात धरलं. "चांगली होती का हो पोरांशी?" त्यांनी विचारलं. काकू म्हणाल्या, "हात उचलला नाही म्हणे कधी." बाईंनी मान हलवली. शंभर वर्षांनी कोणीतरी तिकडून येऊन चौकशी केली होती.

वंशावळ मी नव्याने काढली. आप्पांच्या वर दोन आया, दोन रेघा. आक्कांना कुठे लिहायचं यावर भावाचं आणि माझं भांडण झालं. तो म्हणतो त्या कायद्याने आपल्या नाहीत, त्यांना वाशीमच्या झाडावर लिही. मी त्यांना पणजीखाली लिहिलंय, आप्पांच्या शेजारी आणि आप्पांच्या आधी, कारण त्या मोठ्या होत्या.

आता परभणीचं एक स्थळ आलंय. काकूंनी पत्रिका, शिक्षण, पगार काही विचारलं नाही. फोनवर त्यांचा पहिला प्रश्न होता, "तुमच्यातून कोणी कुठं दिलेलं हाय का?"